धार-देवासची मुलं आणि इंदूरचा रविवार

इंदूरच्या भंवरकुआँ भागात धार, कुक्षी, मनावर, देवास, सोनकच्छ इथून आलेली कितीतरी मुलं भाड्याच्या खोल्यांत राहतात. कुणी राज्यसेवेच्या तयारीला लागलेलं असतं, कुणी नर्सिंगला, कुणी बी.कॉम. करता करता कोचिंग लावलेलं. ज्यांना खोली परवडत नाही ती रोज बसने अप-डाउन करतात. देवास चाळीसेक किलोमीटरवर, धार साठेक. या गर्दीत ख्रिस्ती घरातली मुलं अगदी तुरळक. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशाच्या ७ कोटी २६ लाख लोकसंख्येत ख्रिस्ती होते सुमारे २ लाख १३ हजार, म्हणजे ०.२९ टक्के. वसईच्या मुलीला कॉलेजातही तिच्या पॅरिशमधल्या मैत्रिणी भेटतात. धारच्या मुलाला वर्गात आपल्यासारखा दुसरा कुणी भेटेलच असं नाही.

अशा मुलाची श्रद्धा कशी टिकते? पालकांना भीती असते ती विज्ञानाच्या पुस्तकांची, नास्तिक मित्रांची. मला वाटतं, ती बहुतेक वेळा वेळापत्रकातून गळते. रविवारी सकाळी उपासना असते आणि नेमकी तेव्हाच टेस्ट सिरीज. पहिले दोन रविवार चुकल्याचं वाईट वाटतं, पुढे वाटेनासं होतं. घरी आई विचारते, ‘चर्चला गेला होतास ना?’ आणि मुलगा ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’नंतर घरच्यांशी या विषयावर बोलणंच संपतं, आणि खरी हानी तिथे होते.

विद्यार्थ्यांमधल्या ख्रिस्ती कार्याचा इतिहास पाहू लागलं की एक धागा थेट आपल्या कोल्हापुरात येतो. रॉबर्ट वाइल्डर याचा जन्म १८६३चा, कोल्हापूरचा. वडील रॉयल वाइल्डर हे तिथले अमेरिकन मिशनरी. रॉबर्ट पुढे प्रिन्स्टनला शिकला. १८८६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन इथे विद्यार्थ्यांचं शिबिर भरलं आणि त्याच्या खटपटीने १०० तरुणांनी परदेशी मिशनकार्याला जाण्याची तयारी लिहून दिली. जॉन मॉट त्यांतलाच एक. पुढच्या वर्षभरात वाइल्डर आणि त्याचा सोबती जॉन फोरमन अमेरिका-कॅनडाची कॉलेजं पालथी घालत हिंडले आणि २,०००हून अधिक नावं मिळवली. हीच ‘स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट’. १८९५ साली स्वीडनमधल्या वाडस्टेना इथे मॉट आणि इतरांनी जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघ स्थापला. वाइल्डर स्वतः हिंदुस्थानात परतला आणि पुण्या-कलकत्त्याच्या विद्यार्थ्यांत राबला.

त्या काळाचा उत्साह केवढा असेल! पण प्रतिज्ञापत्रावर सही करणं एक आणि आयुष्यभर त्याला जागणं दुसरं. सह्या करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण कधीच कुठे गेले नाहीत. आजच्या युवा शिबिरांतही शेवटच्या रात्री अश्रू येतात, हात वर होतात, आणि दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत ते ओसरतं. त्या रात्री मुलं खोटी नसतात. मात्र त्या रात्रीनंतरच्या सोमवारी त्यांच्याजवळ कुणी नसतं.

आता धार-देवासच्या माळव्याकडे वळू. इथे कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८७७ साली इंदूरला काम सुरू केलं. किंग्स्टनला वैद्यकीचं शिक्षण घेऊन १८९१ साली पदवीधर झालेल्या डॉ. मार्गारेट ओ’हारा त्याच वर्षी इकडे आल्या आणि १८९५पासून धारमध्ये त्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय काम उभं केलं. पवारांच्या त्या संस्थानी शहरात, जिथे दरबारातली मंडळी मराठी बोलत आणि बाजार माळवी बोले, तिथे एक बाई डॉक्टर म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ राहिली. पाठोपाठ छपन्याचा दुष्काळ आला, १८९९-१९००चा. अनाथ झालेली मुलं मिशनच्या आश्रयाला आली. त्या मुलांची पणतवंडं-खापरपणतवंडं आज कॉलेजच्या वयाची असतील.

इंदूरचं ख्रिश्चन कॉलेज १८८७चं, रेव्हरंड जॉन विल्की यांनी उभारलेलं. किशोर कुमार तिथे शिकले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तिथले बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नव्हतेच. अशा कॉलेजांनी घाऊक धर्मांतरं घडवली, असं बोललं जातं त्याला फारसा आधार नाही. ख्रिस्ती मुलांना त्यांनी दिलं ते वसतिगृह, संध्याकाळची प्रार्थना आणि ज्याच्या दारावर रात्री नऊलाही थाप मारता येईल असा एखादा प्राध्यापक. पुढे शिक्षण सरकारी झालं. देवासचं कृष्णाजीराव पवार महाविद्यालय असो की धारचं शासकीय महाविद्यालय, तिथे धार्मिक शिक्षणाला जागा असणार नाही, आणि ते योग्यच आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ मध्ये ते स्पष्ट आहे.

म्हणून विद्यार्थ्यांमधलं ख्रिस्ती काम आवाराबाहेर आलं, घरांत आणि चर्चच्या खोल्यांत. कॅथलिक विद्यार्थ्यांची ‘आयकफ’ ही संघटना १९२४ची. ‘युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया’ १९५४ची. तिची रीत मला फार मोलाची वाटते: विद्यार्थ्यांनीच आठवड्याला जमायचं, एकत्र बायबल वाचायचं, आणि पदवी घेऊन नोकरीला लागलेल्यांनी आपलं घर नव्या विद्यार्थ्यांसाठी उघडं ठेवायचं. पाळक बदलून जातो, शिबिर संपतं. चार वर्षांपूर्वी याच शहरात एटीकेटी लागलेला, आता बँकेत असलेला दादा मात्र तिथेच असतो.

धार जिल्ह्यात याला आणखी एक पदर आहे. इथली निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी, मुख्यतः भिल्ल आणि भिलाला. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीचा दर्जा राहत नाही. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्माशी बांधलेला नाही. पण धर्मांतरित आदिवासींना यादीतून वगळा, ही मागणी गेल्या काही वर्षांत जोरात आहे. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर धर्माचा रकाना भरताना अठरा वर्षांच्या पोरीचा पेन थबकतो तो यामुळे. राज्यात धर्म स्वातंत्र्याचा कायदा १९६८पासून आहे. २०२१च्या नव्या कायद्याने धर्मांतरापूर्वी ६० दिवस आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय दिला. या वातावरणात चार मुलांनी खोलीत प्रार्थना केली तरी घरमालक विचारतो. मला त्या मुलांची काळजी वाटते. त्याचबरोबर ठामपणे सांगावंसं वाटतं की होस्टेलमधल्या एकट्या पडलेल्या, पैशाच्या अडचणीतल्या दुसऱ्या धर्माच्या मुलाला गळाला लावणं हे आपलं काम नव्हे. आपल्या मुलांना सांभाळणं हेच पुरेसं मोठं आहे.

देवास जिल्ह्यातल्या उदयनगरची गोष्ट या मुलांना सांगायलाच हवी. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया तिथल्या भूमिहीनांना सावकारीतून सोडवण्यासाठी झटत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरला निघालेल्या बसमधून ओढून त्यांचा खून झाला. मारेकरी समुंदर सिंह तुरुंगात असताना राणी मारियांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल हिने त्याला राखी बांधली. पुढे त्याने पश्चात्ताप केला, आणि राणी मारियांच्या आईनेही त्याला क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं. कॉलेजातल्या मुलाला ‘क्षमा करा’ हे वचन पाठ असतं, पण त्याचा प्रश्न असतो, ‘खरंच कुणी करतं का?’ त्याचं उत्तर त्याच्याच भागात आहे. आणि तरीही तो म्हणाला, ‘मला हे जमणार नाही, मला पटतही नाही,’ तर त्याला गप्प करू नये. शंका बोलून दाखवणारं मूल अजून आपल्याशी बोलतं आहे.

प्रवेश जून-जुलैत होतात. आपण खोली पाहतो, टिफिनची सोय पाहतो, कोचिंगची फी भरतो. त्याच वेळी धार-देवासच्या मंडळ्यांनी इंदूरच्या मंडळीला प्रत्येक मुलाचं नाव कळवायला हवं. इंदूरच्या चर्चांनी विद्यार्थ्यांसाठी रविवारी संध्याकाळची उपासना ठेवायला हवी, कारण टेस्ट सिरीजची वेळ काही बदलणार नाही. आणि शहरात स्थिरावलेल्या एखाद्या परिचारिकेने, शिक्षकाने, बँकेतल्या दादाने शनिवारी चार मुलांना जेवायला बोलवावं, आधी परीक्षेचं विचारावं, मग घरचं, मग बायबल उघडावं.