टेबलं कोडात गेली तेव्हा

परवा एका जुन्या सिस्टिमचा ताबा घ्यायला आलेला इंजिनिअर सहज म्हणून गेला, “टेबलं आम्ही बघत नाही, मॉडेल बघतो.” मला ते लागलं. मॉडेलवरून टेबलं तयार व्हावीत म्हणून सातारा-सांगलीत ज्यांनी घाम गाळला, त्यांतला मी एक.

फॉक्सप्रोच्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. डीबीएफ फाइल कॉपी केली की भागायचं. 2007 साली मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती काढणार नसल्याचं जाहीर केलं आणि आमची गिऱ्हाइकं पांगली. साखर कारखान्यात ओरॅकल, पतसंस्थेत एसक्यूएल सर्व्हर, मार्केट यार्डातल्या अडत्याकडे फुकटचं मायएसक्यूएल. प्रोग्राम एकच, टेबलांच्या स्क्रिप्ट तीन. एकीत कॉलम वाढवला की दुसरीत राहून जायचा आणि मार्चअखेरीला उघडा पडायचा.

गावाच्या नावाचंच बघा. स्क्रिप्टमध्ये लांबी 30. एसक्यूएल सर्व्हरच्या एनव्हारचारमध्ये सगळी गावं बसायची. ओरॅकल मात्र मुळात बाइट मोजतं, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइटचं. ‘विश्रामबाग’ बरोबर 30 बाइटांत मावायचं. ‘कवठेमहांकाळ’ 33 वर गेलं की एरर. कोडावरून टेबलं बनवणारं हायबरनेट हाती आलं तेव्हा जावाच्या क्लासमध्ये लांबी एकदाच लिहिली, आणि त्याच्या ओरॅकल डायलेक्टने 30 पुढे ‘चार’ हा शब्द आपणहून घातला. मोजणी अक्षरांत होऊ लागली. त्या दिवशी झालेला आनंद मला अजून आठवतो.

त्याच हायबरनेटची ‘अपडेट’ सेटिंग एका पुरवठादाराने चालू डेटाबेसवर तशीच ठेवली होती. क्लासमध्ये ‘हमाली’चं ‘हमाली-तोलाई’ केलं. ही सेटिंग कॉलमचं नाव बदलत नाही, शेजारी नवा रिकामा कॉलम जोडते. शेतकऱ्यांच्या पट्ट्यांतून कपातच गायब झाली, आणि बोलणी खाल्ली ती काउंटरवरच्या कारकुनाने. मायएसक्यूएलवरचा रागही तेव्हापासूनचा. ‘वजन शून्याहून जास्त हवं’ ही चेकची अट ते बिनतक्रार स्वीकारायचं आणि पाळायचं मात्र नाही. 2019 मध्ये 8.0.16 आलं तेव्हा कुठे ती अट लागू झाली.

या सगळ्यातून मार्ग काढला तो मायग्रेशननी. पायथनमधल्या जँगोने 2014 साली 1.7 मध्ये ती मूळ चौकटीत आणली. प्रत्येक बदलाची फाइल, तीही क्रमाने, कोडाबरोबरच. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा एचएसएन, सीजीएसटी, एसजीएसटीचे कॉलम आम्ही एकाच फाइलने सगळ्या गिऱ्हाइकांकडे चढवले. पण चढवण्याआधी प्रत्येक डेटाबेससाठी तयार झालेलं एसक्यूएल समोर ठेवून ओळ न् ओळ वाचलं होतं.

आता हे वाचन कुणी करत नाही. लॅपटॉपवर एसक्यूलाइटवर चाचणी होते. तिथे लांबी 30 लिहा, ते 300 अक्षरंही ठेवून घेतं. पैशांसाठी नेमका दशांश प्रकारही त्याच्याकडे नाही. पुढे पोस्टग्रेसवर तीच नोंद अडते, आणि अडली की पोरं अटच काढून टाकतात.