विश्लेषण : पावसाळ्यानंतर गाडीचे इंजिन घरी धुवावे का?

पाऊस ओसरला की कोल्हापुरात दारोदारी गाड्या धुतल्या जातात. बाहेरून गाडी चकचकीत होते, पण बॉनेट उघडले की आत चिखल, कुजलेली पाने आणि तेलकट थर दिसतो. मग पाण्याचा पाइप तिकडेही वळवला जातो आणि गाडी सुरू होईनाशी होते. इंजिनाचा भाग घरी नक्की स्वच्छ करता येतो. मात्र ते काम ब्रश आणि ओल्या फडक्याचे आहे, पाण्याच्या माऱ्याचे नाही.

स्वच्छतेची गरज काय?

स्वच्छ इंजिन चांगले दिसते, हा फायदा दुय्यम. तेलाची किंवा कूलंटची गळती सुरू झाली, तर स्वच्छ भागावर ती लगेच दिसते. सायलेन्सरकडे जाणारा एक्झॉस्टचा भाग चालत्या गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापतो. त्यावर तेल गळले किंवा वाळका पाला साचला, तर आग लागू शकते. ऊसतोडीच्या हंगामात शेतातील उंदीर आसऱ्याला गाडीत शिरतात, वायरी कुरतडतात आणि घरटी करतात. काचेखालच्या जाळीत पाने अडकली, तर पावसाचे पाणी गाडीच्या आत उतरते. म्हणून वर्षातून एक-दोनदा, विशेषतः पावसाळ्यानंतर, हा भाग साफ करणे पुरेसे असते.

पाण्याचा धोका नेमका कुठे?

रस्त्यावरचे शिंतोडे सहन करतील, अशा बेताने गाडीतील वायरींचे जोड बनवलेले असतात. प्रेशर मशीनचा मारा मात्र वेगळा असतो. घरगुती मशीनही साधारण १०० बार किंवा त्याहून अधिक दाबाने पाणी फेकते. ते रबरी सीलच्या आत घुसते आणि तिथेच साचून राहते. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, इग्निशन कॉइल, सेन्सर आणि गाडीचा मेंदू समजला जाणारा ईसीयू हे सर्वाधिक नाजूक भाग. काही वेळा बिघाड लगेच दिसत नाही. जोड आतून गंजतात आणि महिन्याभराने डॅशबोर्डवर दिवा लागतो.

धुण्यापूर्वी काय करावे?

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. तापलेल्या ओतीव लोखंडावर गार पाणी पडले, तर त्याला तडा जाऊ शकतो. उद्यमनगर किंवा शिरोलीच्या फौंड्रीत काम करणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. चावी काढून ठेवावी, कारण काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरू लागतो. बॅटरीची वजा बाजूची वायर आधी सोडवावी. बहुतेक गाड्यांत त्यासाठी दहा नंबरचा पाना लागतो. ती वायर जोडताना मात्र सर्वांत शेवटी जोडावी. एअर फिल्टरचे तोंड, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि ईसीयू प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी झाकावेत. किती पिशव्या लावल्या, ते मोजून ठेवावे. काम करण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढला, तर गळती कुठे होती हे नंतर कळते. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीतील केशरी वायरींना हात लावू नये; ते काम सर्व्हिस सेंटरचे आहे.

स्वच्छ कसे करावे?

आधी कोरडी पाने, माती हाताने आणि ब्रशने काढावी. उंदराची घाण असेल, तर हातमोजे आवश्यकच, कारण उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. अशा जागी कोरडा ब्रश न मारता ओल्या फडक्याने पुसावे. तेलकट भागावर पाण्यात मिसळणारा डिग्रीझर थोडा-थोडा फवारावा, बाटलीवर लिहिलेला वेळ थांबावे आणि तो वाळण्याआधी जुन्या रंगाच्या ब्रशने घासून पुसून घ्यावा. फारच चिकट जागी फवारणीच्या बाटलीतील पाणी वापरावे. नंतर कोरड्या फडक्याने पुसून बॉनेट तास-दोन तास उघडे ठेवावे. सर्व पिशव्या काढल्याची खात्री करून, बॅटरी जोडून इंजिन दहा मिनिटे चालू ठेवावे. ते मिसिंग मारू लागले, तर बंद करून आणखी वाळू द्यावे. दिवा विझत नसेल, तर गॅरेज गाठावे.

डिझेल, रॉकेल का नको?

इंजिनावर डिझेल किंवा रॉकेल फवारण्याची पद्धत जुनी आहे. त्याने चमक येते, पण रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात आणि मागे राहिलेल्या तेलकट थरावर धूळ आणखी चिकटते. पेट्रोल तर अजिबात वापरू नये. त्याची वाफ एका ठिणगीने पेटते.

सांडपाणी कुठे जाते?

गटारात सोडलेले तेलकट पाणी अखेर नाल्यात जाते. शहरातील जयंती नाला पंचगंगेला मिळतो. गाडीखाली लाकडाचा भुसा किंवा वाळू पसरली, तर तेल त्यातच शोषले जाते. ते आणि तेलाची फडकी उघड्यावर जाळू नयेत. घाटावर किंवा रंकाळ्याच्या काठी गाडी धुणे टाळावे.

पुरात बुडालेल्या गाडीचे काय?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी ५० फुटांच्याही वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. इंजिनापर्यंत पाणी चढलेली गाडी घरी धुऊन भागत नाही. मुख्य म्हणजे ती सुरू करून पाहू नये. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच उघडावे लागते. पुराचे नुकसान सर्वंकष विम्यात येत असले, तरी अशा प्रकारे झालेला बिघाड ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा संरक्षण नसेल, तर सहसा नाकारला जातो. त्यामुळे पाणी उतरल्यावर फोटो काढावेत, शक्य असल्यास बॅटरीची वायर सोडवावी, विमा कंपनीला कळवावे आणि गाडी उचलूनच गॅरेजला न्यावी.