इंग्रजीत विनंती लिहिताना
कळकळीची विनंती आपण मराठीत सहज लिहितो. तीच शब्दशः इंग्रजीत नेली की 'आय अर्नेस्टली रिक्वेस्ट यू टू काइंडली डू द नीडफुल' असं वाक्य उतरतं. 'डू द नीडफुल' एके काळी ब्रिटनमध्येही रूढ होतं. आज तिकडे ते जुनाट वाटतं. शिवाय नेमकं काय करायचं, हे त्यातून कळतच नाही. त्यापेक्षा 'आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड सेंड द सर्टिफिकेट बाय 10 जून' असं लिहावं. 'ग्रेटफुल'मध्ये आर्जव येतं, काम आणि तारीखही स्पष्ट होते. निकड असेल तर कारण एका ओळीत सांगावं.

आणखी एक चूक फार दिसते: 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. 'रिक्वेस्ट' क्रियापद असताना पुढे 'फॉर' लागत नाही. अर्ज पाठवण्यापूर्वी एवढं तरी तपासाच.