'गुलमंडी' शोधली तर सापडेल का?

नामांतर लढ्याची पत्रके, जुनी नियतकालिके, प्रबंध हळूहळू संगणकावर येत आहेत. पण शोधताना मराठी शब्द टाकला आणि 'शून्य निकाल' आले, तर आपला विद्यार्थी काय समजेल? यावर कुणी लिहिलेच नाही, असेच ना? म्हणून शोधयंत्रणा कशी तपासतात, हे आम्हा कार्यकर्त्यांनाही माहीत हवे.

अनेक डिजिटल ग्रंथालयांत 'अपाचे सोलर' हे मोफत शोध-सॉफ्टवेअर वापरतात. त्याची चाचणी दोन प्रकारे होते. पहिली, वेब सर्व्हरशिवाय: चाचणीचा प्रोग्राम सोलरला स्वतःमध्येच चालवून थेट प्रश्न विचारतो. ही चाचणी झटपट होते. दुसरी, सोलरसोबत येणारा 'जेट्टी' हा वेब सर्व्हर सुरू करून: इथे प्रश्न वाचकाच्या प्रश्नासारखाच इंटरनेटच्या वाटेने जातो. सोलर बनवणारे एकाच चाचण्या दोन्ही प्रकारे चालवतात.

फरक कुठे पडतो? आपल्या शहरातली गुलमंडी घ्या. काना-मात्रा धरून या शब्दात संगणकाच्या हिशेबाने 7 चिन्हे आहेत. यूटीएफ-8 पद्धतीत प्रत्येकाला 3 बाइट, म्हणजे एकूण 21 बाइट. वेब पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन अक्षरांत लिहितात, म्हणून शब्द 63 अक्षरांचा होतो. सर्व्हरने तो पुन्हा नीट जुळवायचा असतो.

पूर्वी सोलर बऱ्याचदा 'टॉमकॅट' या सर्व्हरवर चालवत. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत वेगळी सूचना दिली नाही, तर पत्त्यातला प्रत्येक बाइट युरोपीय लिपीतले अक्षर समजला जाई. गुलमंडीची 21 निरर्थक चिन्हे होत आणि निकाल शून्य. सर्व्हरशिवायची चाचणी मात्र पास! रोमन लिपीत लिहिलेली गुलमंडीही सापडे, त्यामुळे फक्त इंग्रजीत तपासणाऱ्याला दोष दिसतच नसे. टॉमकॅटच्या आठव्या आवृत्तीत हे सुधारले. 2015 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून सोलरही जेट्टीसहच चालते. तरी जुन्या यंत्रणेत किंवा मधल्या एखाद्या प्रोग्राममध्ये हीच गडबड होऊ शकते.

म्हणून वाचनालय किंवा संस्था डिजिटल संग्रह करून घेत असेल, तर काम स्वीकारण्यापूर्वी दोन्ही चाचण्या मागा, आणि त्या देवनागरी शब्दांनीच करायला लावा: गुलमंडी, नामांतर, मिलिंद. पहिली पास आणि दुसरी नापास झाली, तर दस्तऐवज जागेवर आहेत, वाट बिघडली आहे. ती दुरुस्त होईपर्यंत 'शून्य निकाल' म्हणजे 'इतिहास नाही', असे कुणीही मानू नये.