वीस किलो चुरा, नऊशे किलोंची लादी

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधलं विनेबागो सरोवर फेब्रुवारीत गोठलेलं असतं, आणि माणसं चेनसॉ घेऊन त्याच्यावर उतरतात. भाल्याने स्टर्जन मासा मारण्याचा हा हंगाम. गळ सोडायला वीतभर भोक पुरतं. भाला मारून माणसाएवढा मासा वर घ्यायचा तर मोठी चौकट हवी. कायद्याने ती 48 चौरस फुटांपर्यंत कापता येते. आपण निम्मीच धरू, 6 बाय 4 फुटांची, आणि बर्फ 45 सेंटिमीटर जाड.

एवढ्या बर्फाचं वजन भरतं सुमारे 920 किलो. चेनसॉची साखळी ताशी 70 किलोमीटरच्या आसपास वेगाने पळते, पण तिला यातलं फार थोडं कापायचं असतं. तिची चीर जेमतेम 8 मिलिमीटर रुंद. चारही बाजू मिळून 20 फूट कापले की चुरा पडतो सुमारे 20 किलोंचा, आणि 900 किलोंची लादी अखंड सुटते. साखळीचं तेल शेवटी पाण्यातच उतरतं, म्हणून जाणती माणसं तिथे खाद्यतेल वापरतात. ही काळजी घ्यायलाच हवी.

एवढी लादी उचलणार कोण? उचलायचीच नाही. एक घनमीटर पाणी 1000 किलोंचं, तेवढाच बर्फ 917 किलोंचा. त्यामुळे तरंगती लादी पाण्यावर चारेक सेंटिमीटरच डोकावते, आणि तिला पुरती बुडवायला 80-एक किलोंचा भार पुरतो, म्हणजे एका धडधाकट माणसाचं वजन. दोघं-तिघं लांब दांड्यांनी कड दाबतात आणि जवळजवळ टनभर बर्फ शेजारच्या थराखाली सरकवून देतात. आर्किमिडीजचा नियम शाळेत सगळेच शिकतात; त्याचं इतकं देखणं प्रात्यक्षिक मला दुसरं माहीत नाही.

सरोवराचं क्षेत्रफळ आहे 557 चौरस किलोमीटर. सगळीकडे 45 सेंटिमीटर थर धरला, तर बर्फ होतो सुमारे 23 कोटी टन. आपली चौकट या पृष्ठभागाचा 25 कोटींवा हिस्सा! तेवढ्याशा जागेखालून मासा जाईल म्हणून माणूस खिडकी नसलेल्या अंधाऱ्या खोपटात पाण्याकडे डोळे लावून बसतो. कित्येकांचे हंगामच्या हंगाम कोरडे जातात. आणि 2010 मध्ये एकाला 96 किलोंचा, सात फूट लांबीचा स्टर्जन मिळाला.

भोक काही मिनिटांत पडतं. मादीला मात्र पहिल्यांदा अंडी घालायला वयाची 20 ते 25 वर्षं लागतात, आणि त्यानंतरही ती दरवर्षी अंडी घालत नाही. म्हणून हंगाम फार तर 16 दिवसांचा, रोज सकाळी 7 ते दुपारी 1. एका माणसाला हंगामात एकच मासा, आणि ठरलेला कोटा भरला की हंगाम मुदतीआधीच बंद.