उंट आणि उंटपक्षी

फारसीत शहामृगाला 'शुतुरमुर्ग' म्हणतात. शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. हिंदीने तो शब्द जवळजवळ जसाच्या तसा घेतला. मराठीतल्या शहामृगामागेही तोच असावा, कारण मृगाशी या पक्ष्याचे काही नाते नाही. लिनियसने १७५८ साली त्याला 'स्ट्रुथियो कॅमेलस' हे शास्त्रीय नाव दिले, त्यातही उंटच आहे. लांब मान, उंच तंगड्या, दाट पापण्या आणि पावलाला दोनच बोटे पाहून ही नावे सुचली असणार. उन्हाशी वागण्याची दोघांची रीत मात्र अगदी वेगळी आहे.

उन्हाचा हिशेब

हवा शरीरापेक्षा गरम झाली की अंग गार ठेवायचा एकच उपाय उरतो: घामावाटे किंवा श्वासावाटे पाण्याची वाफ होऊ देणे. वाळवंटात नेमके पाणीच नसते. उंदीर, सरडे दिवसभर बिळात बसून ही अडचण टाळतात. चार-पाचशे किलोच्या उंटाला आणि शंभर-सव्वाशे किलोच्या शहामृगाला बीळ कुठून मिळणार? दोघांना उघड्यावरच दिवस काढावा लागतो.

उंट ताप अंगावर घेतो

क्नुट श्मिट-नील्सन या शरीरशास्त्रज्ञाने १९५३-५४ मध्ये अल्जीरियाच्या सहारात मुक्काम ठोकून उंटांचा अभ्यास केला. तहानलेल्या उंटाचे तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरते आणि दुपारी ४० च्या वर जाते, असे त्याला आढळले. माणसाला एवढा ताप आला तर घरात धावपळ उडते. उंट तो ताप मुद्दाम चढू देतो, घाम गाळत नाही. दिवसभर साठलेली उष्णता रात्रीच्या गार हवेत आपोआप निघून जाते. पाचशे किलोच्या उंटाचे तापमान सहा अंशांनी वाढले, तर तेवढी उष्णता घामाने घालवायला चार-पाच लिटर पाणी लागले असते. ते सगळे वाचते. पोटभर पाणी प्यायलेला उंट मात्र ही काटकसर करत नाही. त्याचे तापमान दिवसभरात दोनेक अंशांनीच हलते.

पाठीवरची दाट लोकरही याच कामाची. लोकर कातरलेल्या उंटाचे पाणी जवळपास दीडपट खर्च झाले, हेही तिथेच मोजले गेले.

मदारीत पाणी नसते

शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलेले असते की उंट मदारीत पाणी साठवतो. मदारीत असते ती चरबी. चरबी जळताना पाणी तयार होते हे खरे, पण ती जाळायला लागणारा प्राणवायू आत घेताना श्वासावाटे तेवढे पाणी निघूनही जाते. मदारीचा दुसरा फायदा मोठा आहे. चरबी एका जागी गोळा झाल्यामुळे बाकीच्या अंगावर तिचे पांघरूण राहत नाही आणि उष्णता बाहेर पडायला वाट मिळते.

तहान सोसण्याचे खरे गुपित रक्तात आहे. वजनाच्या पाव हिश्शाएवढे पाणी गमावूनही उंटाचे रक्त फारसे घट्ट होत नाही. पाणी कमी होते ते मुख्यतः शरीराच्या इतर भागांतून. मग पाणवठा सापडला की तो दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर पाणी पितो. त्याच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात, फुगल्या तरी फुटत नाहीत. दुसऱ्या एखाद्या जनावराच्या जिवावर बेतले असते.

शहामृग धापा टाकतो

याच श्मिट-नील्सनने पुढे शहामृगांचाही अभ्यास केला. तो १९६९ साली प्रसिद्ध झाला. हवा ५० अंशांच्या आसपास तापलेली असताना हे पक्षी तासन्‌तास आपले तापमान ४० च्या आत राखत होते. उंट उष्णता साठवतो, शहामृग ती लगेच बाहेर टाकतो. तो चोच उघडून धापा टाकतो आणि श्वासाचा वेग एकदम दहापटीच्या घरात जातो. आपण इतका वेळ असे केले तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येईल. शहामृगाच्या रक्ताचा तोल आठ तासांनंतरही ढळला नव्हता. मला ही गोष्ट उंटाच्या तापाइतकीच थक्क करणारी वाटते.

उघड्या मांड्या आणि पंख हे त्याचे आणखी दोन उपाय. दुपारी तो पंख अंगापासून दूर धरतो, वरून सावली पडते आणि बगलेतून वारा खेळतो. थंड रात्री तेच पंख मांड्यांवर ओढून घेतो.

धापा टाकायच्या तर पाणी हवेच. ते तो रसाळ झाडपाल्यातून मिळवतो, समोर दिसले तर पितोही. म्हणून आफ्रिकेतली गवताळ माळराने हे त्याचे मुख्य घर. नामिबच्या वाळवंटातही तो राहतो, पण उंटासारखा वाळवंटाला बांधलेला नाही.

'शहामृगी पवित्रा' हा शब्दप्रयोग त्याच्यावर अन्याय करतो. तो वाळूत डोके खुपसत नाही. अंडी उलटवायला चोच खळग्यात घालतो आणि धोका दिसला तर मान जमिनीसरशी टेकवून पडून राहतो. लांबून डोके दिसेनासे होते, एवढेच.

माणसाशी नाते

एका मदारीचा रानटी उंट आज उरलेला नाही. जे आहेत ते पाळीव, किंवा ऑस्ट्रेलियातल्यासारखे सुटून रानात गेलेले. आपल्याकडे मराठेशाहीत तातडीचा खलिता सांडणीस्वार नेत. कच्छचे रबारी आजही उंटांवर संसार लादून मेंढ्यांसह विदर्भापर्यंत येतात. पण २०१२ ते २०१९ या पशुगणनांमधल्या काळात देशातले उंट चार लाखांवरून अडीच लाखांवर आले. गाड्या आल्या, चराऊ राने आटली. राजस्थानने २०१५ मध्ये उंटांच्या कत्तलीवर बंदी घातली आणि त्यांना राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध आणले. हेतू चांगला होता. मात्र नर उंट विकून घर चालवणाऱ्या तिथल्या राइका उंटपाळांचे गिऱ्हाईकच तुटले. पाळणाऱ्याला परवडत नसेल तर जनावर कायद्याने वाचत नाही, असे मला वाटते.

शहामृग माणसाच्या अंगणात पूर्णपणे कधी आलाच नाही. अरबस्तानातली त्याची उपजात बंदुका आणि मोटारगाड्यांपुढे टिकली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास ती संपली.

पाटण्याचे मणी

शहामृग एकेकाळी आपल्याकडेही होते. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केले, तेव्हा शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला एक तुकडा सापडला. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. भारतात मिळालेल्या अशा कवचांतला डीएनए तपासून २०१७ साली शास्त्रज्ञांनी दाखवले की ते पक्षी आफ्रिकेतल्या शहामृगाच्याच जातीचे होते.

हे कवच सुमारे दोन मिलिमीटर जाड असते. कालाहारीतले सान लोक अंड्याला छोटे भोक पाडून आतला बलक काढत, त्यात पाणी भरत, भोकाला बोळा लावत आणि कोरड्या दिवसांसाठी ते वाळूत पुरून ठेवत.