तबकडीची वाट पाहणारा संगणक

बंगळुरूत के. आर. मार्केटच्या जवळच सदर पत्रप्पा रोड आहे. सगळे त्याला 'एसपी रोड' म्हणतात. शहाजीराजांच्या जहागिरीतल्या जुन्या पेठेतला हा भाग आता मदरबोर्ड, केबल आणि सुट्या भागांच्या दुकानांनी गजबजलेला असतो. आठ-दहा वर्षांचा, सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेणारा डेस्कटॉप इथे घेऊन आलात, तर नव्याची किंमत विचारण्याआधी एक गोष्ट तपासा: आत हार्ड डिस्क आहे का?

कारण अशा संगणकात बहुतेक वेळा प्रोसेसर थकलेला नसतो, तो ताटकळत असतो. डेस्कटॉपमधल्या नेहमीच्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. एका फेऱ्याला साधारण ८.३ मिलिसेकंद लागतात; म्हणजे हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी ४ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर सरकायला आणखी आठ-नऊ. एका वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण संगणक सुरू होताना इकडे-तिकडे विखुरलेल्या हजारो बारीक फायली उघडाव्या लागतात. अशी दहा हजार वाचनं एकामागून एक झाली, तर दोन मिनिटं नुसत्या धावपळीत जातात.

हार्ड डिस्कच्या जागी बसवता येणाऱ्या एसएसडीत (सॉलिड स्टेट ड्राइव्ह) फिरणारं काहीच नाही. विद्युतरोधक थरांत कोंडलेले इलेक्ट्रॉन हीच तिची नोंद. जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात ही फ्लॅश स्मृती घडवली. इथे एक वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं, म्हणजे तीच दहा हजार वाचनं सेकंदाभरात!

मदरबोर्ड जुना, 'साटा-२' जोडणीचा असला तरी हिरमुसू नका. त्या जोडणीतून सेकंदाला जेमतेम ३०० एमबी जातात, त्यामुळे एसएसडीचा खोक्यावर छापलेला वेग मिळणार नाही. पण फरक जाणवतो तो मोठ्या फायली वाहून नेण्यात नव्हे, शोधाशोध संपण्यात. आणि तो लाभ जुन्या बोर्डावरही मिळतो. माझ्या मते जुन्या यंत्रावर पहिला खर्च एसएसडीचाच करावा. रॅम चारच जीबी असेल, तर ती त्यानंतर वाढवा.

सगळी डिस्क क्लोन करून एसएसडीवर उतरवता येते, पण आधी महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत हवीच. एसएसडी अनेकदा काहीही इशारा न देता बंद पडते आणि मग तिच्यातून माहिती परत मिळवणं फार अवघड जातं. जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर काढून टाकू नका. फोटो आणि व्हिडिओंना ती उत्तम.

विंडोज असेल, तर आज घरी टास्क मॅनेजर उघडा. काम अडलेलं असताना 'डिस्क' पुढचा आकडा शंभर टक्क्यांवर आणि प्रोसेसरचा वीस टक्क्यांच्या खाली दिसला, तर तो संगणक भंगारात देऊ नका.